लिहून घेणार, लिहून देणार

४ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून आपलं पत्रच बरं.

तुझ्या शब्दावर मला कोशाच्या कचेरीत घेतलं त्याला पाच महिने झाले. अजून कच्चीच आहे, जूनमध्ये साहेब कायम करतील म्हणतात. इंग्रजी कोशाची नवी पुरवणी निघते आहे आणि माझ्या वाट्याला आलेत कोरियन भाषेतून इंग्रजीत शिरलेले शब्द. तायक्वांदो आणि किमची केव्हाच आत येऊन स्थिरावलेत, आता नव्यांची रांग लागली आहे. ओप्पा म्हणजे मुलीने थोरल्या भावाला, आणि हल्ली आवडत्या नटालाही, मारायची हाक. हाल्यू म्हणजे त्यांच्या गाण्यांची नि मालिकांची जगभर गेलेली लाट. एग्यो म्हणजे ओठांचा चंबू करून लाडेलाडे बोलणं. इंग्रजीत तो शब्द कुणी कधी वापरला ते शोधायचं, चिठ्ठीवर उतरवायचं, पुरेशा चिठ्ठ्या जमल्या की व्याख्या करायची. काम तुला काय सांगायचं.

हा आठवडा मुकबांगचा होता. कॅमेऱ्यासमोर बसून कुणीतरी ढीगभर खातं आणि बाकीचे ते बघतात, त्याला मुकबांग म्हणतात. मी चार दिवस बघितलं. एका माणसाने तासाभरात बावीस खेकडे संपवले. कवच दाताने फोडायचा, आतलं चोखायचा, ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला की तोही चाटायचा. चोखण्याचा आवाज कानात नीट यावा म्हणून खास माइक लावलेला. व्याख्या एकोणीस शब्दांची झाली. मी मात्र डबा उघडते आणि तसाच बंद करते.

त्यात साहेब टेबलावरच नखं कापतात. काल एग्योच्या चिठ्ठीवर अंगठ्याचं अख्खं नख पडलं होतं, पिवळं, आत मळ असलेलं. मी चिठ्ठी तिरपी करून केराच्या डब्यात झटकली तर म्हणाले, "फार नाजूक आहात."

कोरियनसाठी एक सल्लागार बाई येतात. मूळच्या कोरियाच्याच, बासष्टीच्या, निवृत्त शिक्षिका. गेली तीन वर्षं प्रत्येक शब्दाचं मूळ, उच्चार, अर्थाच्या छटा स्वतः लिहून आणतात, चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक सही करतात. त्यांना आत खुर्ची नाही. जिन्याजवळच्या स्टुलावर बसायचं आणि साहेबांनी घंटा वाजवली की आत यायचं. परवा दोन तास बसल्या, मग निरोप गेला की आज नको. त्या उठून गेल्या. मला बघवत नाही. साहेब तुझ्या हाताखाली तयार झाले ना? तेव्हाही असेच होते का?

तुझी,
बारकी


१५ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र भिंगाखाली दोनदा वाचलं. डोळ्याच्या थेंबांमुळे अक्षरं पोहतात, तरी तुझं रडगाणं स्पष्ट दिसलं.

नखं हा घाणेरडेपणा आहे, यात वाद नाही. माझ्यासमोर कापली असती तर कात्री त्याच्याच डोक्यात घातली असती. पण बाकीचं काय? तो सहा वर्षं माझ्या टेबलाला टेबल लावून बसला. मी मुख्य मुद्रितशोधक, तो उमेदवार. एक नोंद मी त्याला अकरा वेळा लिहायला लावली आणि बाराव्यांदा सांगितलं, पहिलीच बरी होती. हूं की चूं केलं नाही त्याने. माणूस असा तयार होतो. बाहेरची माणसं बाहेर बसतात, कोश म्हणजे धर्मशाळा नव्हे.

शब्दांचं म्हणशील तर शिसारी मलाही आली. खालच्या शिंपिणीची मुलगी परवा स्किनशिप म्हणाली. स्पर्शातून येणाऱ्या जवळिकीला म्हणतात म्हणे. मी चाटच पडले. इंग्रजीचे तुकडे तिकडे नेले, जोडले आणि उष्ट्या भांड्यासारखे परत पाठवले. ते न घासता मांडणीवर ठेवायचं?

जूनपर्यंत तोंड बंद ठेव आणि डबा खात जा.

आत्या


३ मार्च

तीर्थरूप आत्या,

तोंड बंद ठेवलं. त्यामुळेच आज तुला लिहिते आहे.

सोमवारी बाईंनी एक नवा शब्द आणला, गॅपजिल. स्टुलाशेजारी उभी राहून मी विचारलं तर त्यांनी नीट समजावलं. त्यांच्याकडे करारनाम्यात पहिल्या पक्षाला 'गॅप' म्हणतात. ज्याचं चालतं तो गॅप. आणि 'जिल' हा शेपटासारखा जोडायचा प्रत्यय, हलक्या प्रतीच्या वागण्याला लावतात. वरच्याने केवळ वर आहे म्हणून खालच्याला राबवणं, ताटकळवणं, अपमान करणं, हे गॅपजिल. मी म्हटलं, "आमच्यात गिरी लावतात. दादागिरी, साहेबगिरी." त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला फार शिकवायला नको."

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "घेऊ या. पण व्याख्येत 'कोरियन समाजातील' असं घाला." बाई म्हणाल्या, "तसं घातलं तर अर्थ चुकेल. हे कुठेही होतं." साहेब म्हणाले, "तुम्ही मूळ सांगा. अर्थ आम्ही बघतो."

गुरुवारी पुरवणीच्या प्रसिद्धीसाठी पाहुणे आले होते, पाच-सहा जण. चहा झाला. साहेबांनी घंटा वाजवून बाईंना आत बोलावलं आणि म्हणाले, "यांना जरा एग्यो करून दाखवा. ओप्पा म्हणून. व्याख्येपेक्षा प्रात्यक्षिक बरं."

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. साहेबांनी पुन्हा सांगितलं. पाहुण्यांपैकी एकाने फोन वर धरला. आत्या, बासष्ट वर्षांची ती बाई, पांढरे केस घट्ट बांधलेली, तिने दोन्ही मुठी गालांशी नेल्या, मान वाकडी केली आणि लहान पोरीच्या आवाजात "ओप्पा" म्हणाली. सगळे हसले. साहेब बिस्किटाचे कण उडवत म्हणाले, "अजून एकदा, यांचं रेकॉर्डिंग चुकलं."

त्यांनी अजून एकदा केलं.

खेकडेवाला परवडला. तो निदान खेकडेच खातो, माणसं नाही.

बारकी


१४ मार्च

प्रिय बारके,

प्रकार हिणकस झाला. पण त्या नाही म्हणू शकत होत्या. कुणी हात धरले नव्हते.

गॅपजिलचं वाचून आपली खरेदीखतं आठवली. एकीकडे लिहून देणार, एकीकडे लिहून घेणार. आपण फक्त जागा सांगितली, वागणूक सांगितली नाही. त्यांनी जागेवरून वागणुकीला नाव दिलं. शब्द पक्का आहे, हे मला मान्य करावं लागतं.

सहज विचारते. त्या बाई डाव्या हाताने लिहितात का?

थेंब संपलेत. पत्र आवरतं घेते.

आत्या


९ मे

तीर्थरूप आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. छपाईची गडबड होती. सोबत पुरवणीची प्रत पाठवते आहे. कोरियन शब्दांवरची प्रस्तावना साहेबांच्या नावाने आहे, सगळीकडे वाखाणली जाते आहे. मला पंधरा जूनपासून कायम करणार असं तोंडी सांगितलंय. बाबा तुला फोन करणारच होते.

बाई आता येत नाहीत. तब्येत बरी नसते म्हणतात. हो, डावखुऱ्या आहेत. तुला कसं कळलं?

बारकी


२० मे

बारके,

तीन दिवस खिडकीत बसून प्रस्तावना वाचली. ती त्याने लिहिलेली नाही. सहा वर्षं मी त्याची मुद्रितं तपासली आहेत. तो अर्धविराम ठेवूच शकत नाही, खिळा ठोकल्यासारखे पूर्णविराम देतो. इथे अर्धविराम जिथल्या तिथे आहेत. ते तुला मी शिकवले, तू नववीत असताना, आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी.

दुसरं. आभारांच्या पानावर कागदवाल्याचं नाव आहे, बाईंचं नाही. तिसरं. गॅपजिलच्या व्याख्येत 'कोरियन समाजातील' हे शब्द तसेच आहेत.

कुणी लिहिलं, कुणी उतरवलं, बाई का येत नाहीत, ते सरळ सांग. "म्हणतात" असलं लिहू नकोस. कोण म्हणतं?

आत्या


२ जून

आत्या,

सांगते.

एप्रिलमध्ये साहेबांनी मला बाईंच्या तीनशे बारा चिठ्ठ्या दिल्या. म्हणाले, "नवीन टंकून काढा. त्या कोपऱ्यातल्या खुणा नकोत, पान घाण दिसतं." खुणा म्हणजे बाईंच्या सह्या. मी टंकल्या. रोज तीस. प्रस्तावनाही मीच लिहिली. निम्मी वाक्यं बाईंच्या टिपणांतून उचललेली, निम्मी माझी. जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकायला सांगितल्या होत्या. फाडणीयंत्रासमोर उभी राहिले आणि हात पुढे जाईना. पिशवीत घालून घरी आणल्या. धाडस म्हणून नव्हे गं. भीतीनेच. कधी विचारलं तर दाखवायला काहीतरी असावं म्हणून.

आणखी एक. त्या गुरुवारी सगळे हसले असं मी लिहिलं होतं. मीही हसले होते. साहेबांनी हसत माझ्याकडे बघितलं आणि माझं तोंड आपोआप पसरलं. बाईंनी ते बघितलं.

चिठ्ठ्या माझ्याकडे यायच्या आधी, शेवटच्या दिवशी, बाई गॅपजिलच्या व्याख्येतले ते दोन शब्द काढा म्हणून आल्या. साहेब नखंच कापत होते. त्यांनी गठ्ठा ढकलला, अर्ध्या चिठ्ठ्या खाली पडल्या, नखांच्या कचऱ्यात. म्हणाले, "तुम्हीच उचला, क्रम तुम्हाला ठाऊक." बाई खाली बसल्या. एकेक उचलली, फुंकर मारून साफ केली, वर्णक्रम लावून टेबलावर ठेवली. मी माझ्या जागेवरून उठले नाही. जाताना जिन्यापाशी मी "माफ करा" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या भाषेत शब्द नव्हता, वस्तू होती. आता दोन्ही आहेत."

मला आता माझे हातच नकोसे वाटतात. सारखे धुते. बाबांना काही सांगितलेलं नाही. पेढे मात्र त्यांनी आणून ठेवलेत.

तू असं कधी केलं नसतंस.

बारकी


१० जून

प्रिय बारके,

शेवटची ओळ वाचली आणि पत्र पालथं घातलं. चार दिवस उलटलं नाही.

एकतीस वर्षांपूर्वी एक तरुण बाई कोशाच्या कचेरीत आली. डावखुरी. इंग्रजी वर्तमानपत्रांतून वेचलेले अठरा कोरियन शब्द सुबक चिठ्ठ्यांवर लिहून आणले होते, तारखांसकट. मी तिला अकरापासून चारपर्यंत उभं ठेवलं. काम नव्हतं मला. मुद्रितं पुढे ओढून नुसती बघत बसले होते. शेजारी नवा उमेदवार बसला होता, आणि मोठ्या माणसाचं टेबल कसं चालतं ते मला त्याला दाखवायचं होतं. चार वाजता मी चिठ्ठ्या हातात घेतल्या, न वाचता केराच्या डब्यात सोडल्या आणि म्हणाले, "हे शब्द नाहीत, आवाज आहेत." तो हसला. त्याच्या हसण्याने मी फुलले, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. ती डब्याकडे वाकली तर मी डबा पायाने मागे घेतला.

मार्चमध्ये तुझं पत्र आलं तेव्हाच संशय आला. म्हणून हात विचारला. आणि तरीही लिहिलं की त्या नाही म्हणू शकत होत्या.

नखांची घाण वाटली ना तुला? ती त्याची आहे. बाकीचं सगळं माझ्याकडून नेलेलं आहे. इतक्या वर्षांत मला ओकारी यायला हवी होती ती आता येते आहे.

मी कोशाच्या विश्वस्तांना लिहिते आहे. प्रस्तावना कुणाची, चिठ्ठ्या कुणाच्या, आणि एकतीस वर्षांपूर्वी काय झालं, सगळं. पण माझ्या सांगण्याला चिठ्ठ्यांशिवाय वजन नाही, आणि चिठ्ठ्या दिल्यास तर पंधरा तारखेचं कायम होणं विसर. दे असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर लोकांना हे कर, ते कर सांगत आले. हे तू ठरव.

सोबत बाईंसाठी बंद पाकीट आहे. तिला नेऊन देशील का?

आत्या


६ जुलै

तीर्थरूप आत्या,

चिठ्ठ्या दिल्या. बारा जूनला, तीनशे बारा, मोजून, पोच घेऊन.

विश्वस्तांनी दोन आठवडे घेतले. मला दोनदा बोलावलं. एकजण म्हणाले, "आपल्या घरातलं धुणं घरात धुवायला हवं होतं." मी म्हटलं, "तीन वर्षं बाई घराच्या बाहेर बसत होत्या." माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक.

निकाल असा. साहेब जागेवरच आहेत, फक्त प्रकृतीच्या कारणास्तव दोन महिने रजेवर. पुरवणीच्या उरलेल्या प्रतींत एक शुद्धिपत्र चिकटवणार. त्यात बाईंचं नाव आहे, संपूर्ण काम त्यांचं असं स्पष्ट लिहिलंय, आणि 'कोरियन समाजातील' हे शब्द वगळावेत असंही. मला कायम केलेलं नाही. 'सध्या आवश्यकता नाही' एवढ्या तीन शब्दांचं पत्र. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. काल म्हणाले, "पेढे शिळे झाले, टाकून दे." मग स्वतःच म्हणाले, "नाहीतर राहू दे, एक मला दे." एवढ्यावर मिटलं.

बाईंकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, भिंतभर खोकी, सगळ्यांत चिठ्ठ्या. आधी मी माझं सांगितलं, हसण्याचंही. त्या म्हणाल्या, "बघितलं होतं मी." शुद्धिपत्र वाचून म्हणाल्या, "यात माझं नाव चुकीचं लिहिलंय." खरंच चुकलं होतं. विश्वस्तांनी, टंकणाऱ्याने, मी, कुणीच तपासलं नव्हतं. मग तुझं पाकीट दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, परत घडी घातली.

मी विचारलं, "आत्याला काय सांगू?"

"सांगा की मला त्यांचा चेहरा आठवत नाही. डबा आठवतो."

मी निघाले तर म्हणाल्या, "तुम्हाला टंकता येतं. मी माझा स्वतःचा कोश करते आहे. सह्या न खोडता टंकणार असाल तर बुधवारी या." मी बुधवारी जाते आहे. सकाळी एका शाळेत तात्पुरतं शिकवते. अजून त्यांच्याकडे सरळ बघून बोलता येत नाही.

शुद्धिपत्र दुरुस्त करायला लावलंय. यावेळी मीच तपासेन.

बारकी


२१ जुलै

प्रिय बारके,

तुला न सांगता मी जाऊन आले. पत्ता तुझ्या बाबाकडून घेतला. बसने दोन तास, मग तीन जिने. दुसऱ्या जिन्यावर बसून राहावं लागलं. खालच्या मजल्यावरच्या बाईने पाणी दिलं, कुणाकडे जायचंय विचारलं. मी म्हटलं, कामासाठी आले आहे.

तिने दार उघडलं. ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं. आत घेतलं, बसायला सांगितलं. येताना पाठ केलेली माफी मी म्हणायला लागले तर ती म्हणाली, "ते पत्रात वाचलं. अठरा शब्द होते. त्यातला एक सांगा."

मी काय सांगणार? एकही वाचला नव्हता. एकतीस वर्षं मला अठरा हा आकडा लक्षात होता, कारण मी तो गोष्ट म्हणून लोकांना सांगायची. एक बाई आली, अठरा आवाज घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर हसण्यासाठी सांगायची. तुमच्या घरीही सांगितली आहे मी. तू लहान होतीस, तूही हसली असशील. ज्यांना सांगितली त्यांतले निम्मे वारले, त्यांच्याकडून ती परत कशी घेऊ?

मी म्हटलं, "एकही येत नाही मला."

तिने कागद पुढे सरकवला, पेन दिलं आणि म्हणाली, "लिहा."

तिने सांगितले, मी लिहिले. सगळे अठरा, तिच्या लक्षात होते, क्रमाने, कोणत्या वर्तमानपत्रात कधी आला त्यासकट. सातवा होता नुनची, म्हणजे खोलीत शिरताच समोरच्याचं मन ओळखण्याची समज. मी उच्चार तीनदा चुकले. तिने तीनदा दुरुस्त केला, आवाज न चढवता, शाळेतल्या मुलीला सांगावं तसा. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दुपारचे तीन तास गेले. माझं अक्षर वाकडं झालं, ते तिने पुन्हा लिहायला लावलं नाही.

संपल्यावर मी विचारलं, "पुन्हा येऊ का?" तर म्हणाली, "काही लिहायचं राहिलंय का?"

मी नाही म्हटलं. मग तिने दार लावून घेतलं. माफ केलं नाही. जिने उतरताना मला कळलं की मी माफी घ्यायलाच गेले होते, नेहमीसारखी, काहीतरी घ्यायलाच. त्याचीही किळस आली.

बुधवारी जाशील तेव्हा माझ्याबद्दल काही विचारू नकोस. तिने काढलंच तर ऐकून घे. आणि तिचं नाव कसं लिहायचं ते मला पुढच्या पत्रात कळव, तिच्याकडून विचारून, मोठ्या अक्षरांत. पाकिटावर मीही चुकीचंच लिहिलं होतं.

तुझी,
आत्या